टिटवीछाप

कंपनीला पाटी नव्हती.
चुलबंदीच्या काठाला, चिंचेखाली
एक वाकस, दोन पटाश्या, एक भाता
आणि डोमा वाढई, माझा पणजा.
नांगर, वखर, तिफण,
कुणाच्या घरी पाळणा हलला तर पाळणा.

मालगुजाराची दमणी नागपूरची होती,
गादीला मखमल, चाकांना पितळी फुलं.
मंडईच्या पटात तिचा आस मोडला.
डोमा वाकून बघत म्हणाला,
"मालक, लाकूड ओलं होतं. आसातच खोट हाये."
मालगुजार हसला. मग बाकीचेही हसले.
"तू नांगर कर, डोमा.
धावन्यातलं तुले का समजते?"

धावड्याचा ओंडका त्यानं
दोन वर्षं बोडीत बुडवून ठेवला,
दोन वर्षं सावलीत.
पणजी म्हणायची, चुलीत घालाले काडी नाही
अन् हा लाकडाचं बाळंतपण करते.

पहिला छकडा राईस मिलच्या काट्यावर तोलला.
दीड पोतं धान. बस.
जुवाच्या पोटाशी, बैलालाच दिसेल अशी,
पटाशीच्या सात ठोक्यांची टिटवी.
वाघ का नाही कोरला, लोक विचारत.
वाघ दडून बसते, तो म्हणे.
टिटवी धावते, अन् डोकं हलू देत नाही.

चाकाची परीक्षा अशी:
आसावर चढवून एकदा फिरवायचं,
मग तंबाखू मळायची, चुना लावायचा,
झटकायची, ओठात धरायची.
चाक त्याआधी थांबलं तर
ते चाक नव्हे, सरपण.

बालाघाटहून माणसं आली, आरमोरीहून आली.
एक शेठ राजनांदगावहून आला,
तीन दिवस ओसरीवर झोपला, आणि रिकामा गेला,
कारण तुंबा अजून वाळायचा होता.

आजाची, झिबलची, वही माझ्याकडे आहे.
नंबर, गाव, किती आले, किती बाकी.
चौतीससमोर नुसती आडवी रेघ.
धुरकरी सुकरू होता, एकवीस वर्षांचा.
त्या साली आजानं एकही छकडा केला नाही.
पस्तीसपासून प्रत्येकाची बैठक चार बोटं खाली.
वहीत याचं कारण लिहिलेलं नाही.

मग कोर्टाचा कागद आला, पट बंद झाले.
बासष्ट नंबरचं एक चाक झालं होतं, दुसरं राहिलं.
बाप चौकटी करू लागला, शाळेची बाकं करू लागला.
कोर्टाला शिव्या देणाऱ्यांत तो बसला नाही.
तुतारीचा खिळा कुठे टोचतात
ते त्यानं जवळून बघितलं होतं.

मी साकोलीला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हिशेब लिहिते.
भिंतीवर कॅलेंडर: लाल मोटार,
भुईला पोट टेकून बसलेली.
"हे बनवनाऱ्यानं पहिले ट्रॅक्टरच केले म्हनते,"
सेल्समन वाघाडे म्हणाला.
संध्याकाळी बापाला सांगितलं.
तो करवतीला कानस लावत होता. हात थांबला.
"त्यालेही कोनी म्हटलं असन,
तू नांगर कर."

आता पट पुन्हा भरतात.
छकडे पायपाचे, चाकांत बेअरिंग.
पोरं मोटरसायकलवर येतात, टिटवी मागतात,
नुसती टिटवी, रंगानं मारायला.
बापाच्या गुडघ्याच्या एक्स-रेतून मी ती कापली आहे.
पन्नास रुपये एका ठशाचे.
ताई, गावातल्याले फुकट नाही का?
नाही.

परवा एक नवा छकडा दारात उभा होता.
बाप काठी टेकत त्याच्याभोवती फिरला,
खाली वाकला, बोटांनी मोजलं.
"आस दोन बोटं लांब झाला रे. उलटन."
पोरगं हसलं, वाईट मनाचं नव्हतं.
"बाबाजी, वेल्डिंगमधलं तुमाले का समजते?"

बाप काही बोलला नाही.
आज दुपारी तो घरात नव्हता.
शोधत गेले तर बसस्टँडमागे,
इरफानच्या दुकानात, डब्यावर बसलेला,
डोळ्यांवर काळी काच,
आणि ठिणग्यांकडे बघत
तंबाखू मळत होता.