पाव तांबडा, पाव पिवळा

हे वेड कधी लागलं ते नेमकं सांगता येतं मला:
अकराव्या वर्षी, ब्रिजपोर्टच्या एका लॉन्ड्रोमॅटमध्ये
साबणाच्या खोक्यावरचा भडक केशरी सूर्य
मशीनच्या गोल काचेत उलटा तरंगताना दिसला
आणि मोजे वाळवायचे राहूनच गेले.
आई म्हणाली, याला काहीतरी झालंय.

झालंच होतं.
तेव्हापासून घरातलं काही टाकू देत नाही मी.
सूपच्या डब्यांची लेबलं, च्युइंगगमचे कागद,
बंद पडलेल्या पेट्रोल पंपावरचा पत्र्याचा घोडा,
सॉसच्या जाहिरातीतला टोमॅटो,
ज्याच्यापुढे खऱ्या टोमॅटोने लाजावं.
बायको विचारायची, हे घर आहे की कचऱ्याची वखार?
आता ती स्टॅमफर्डला असते. भिंती पांढऱ्या आहेत म्हणे.

वरच्या मजल्यावर इलोन्का वर्गा, वय एकोणऐंशी.
लिफ्ट बिघडली म्हणून एकदा माझ्या दाराशी टेकली,
आतलं पोस्टर पाहिलं
(रडणारी मुलगी, गालभर ठिपके)
आणि धापा टाकत म्हणाली,
"पाव तांबडा, पाव पिवळा."
काय?
"कातडी. आम्ही अशीच भरायचो."

एकोणीसशे त्रेसष्ट. नदीकाठची पत्र्याची शेड.
बावीस बायका, हंगेरियन, पोलिश, दोघी बहिणी पोर्तो रिकोच्या,
पुढ्यात पारदर्शक फिल्म, हातात बारीक ब्रश.
कॉमिकच्या एकेका पानाला नऊ नऊ फिल्म:
उडणाऱ्या माणसाचा झगा, स्फोट, समुद्र,
प्रेमात फसलेल्या नर्सचे ओठ,
सगळं डोळ्यांत तेल घालून.
गोष्ट कुणी वाचत नसे, वेळ कुणाला होता?
"एक बाई चार वर्षं रडत होती माझ्या हाताखाली.
का रडते, ते अजून माहीत नाही मला."

मी तिला न्यूयॉर्कला घेऊन गेलो.
म्युझियममधलं ते भलंमोठं चित्र,
एक डोळा, एक अश्रू, बाकी भिंतभर ठिपके.
तिने नाक जवळजवळ टेकवलंच.
मॅडम, एक पाऊल मागे, पहारेकरी म्हणाला.
ती हंगेरियनमध्ये काही बोलली,
ते शिष्टाचाराला धरून नसावं.

मी समजावू लागलो:
दुकानातली वस्तू उचलून भिंतीवर टांगणं,
राईचा पर्वत, स्वस्ताईची थट्टा की तिचीच पूजा,
वीस वर्षं वाचलेलं सगळं ओतलं.
डॉक्टरचं ऐकावं तसं तिने ऐकून घेतलं.
"इथे रंग रेषेबाहेर गेलाय."
मुद्दाम, मी म्हणालो.
"मुद्दाम? आमचे पंधरा सेंट कापायचे."

मग तिने तळवा हवेतच एका ठिपक्यावर धरला.
बरोब्बर तेवढाच.
"हे हाताने काढलेत?"
हो. जाळी ठेवून, पण हातानेच.
"एकेक?"
एकेक.
"अरे, आम्हीसुद्धा ठिपके काढत नव्हतो!
ते यंत्र पाडायचं. आम्ही फक्त सांगायचो कुठे."
आणि ती हसू लागली, बाकावर बसून,
पोट धरून, चष्मा काढून,
शाळेची सहल थबकून बघू लागली
एका डोळ्याखाली हसणारी म्हातारी.
"वेडा," ती म्हणाली. "अगदी तुझ्यासारखा."

खाली दुकानात ठिपक्यांचा मग बत्तीस डॉलर.
तिने उलटा करून तळ पाहिला, ठेवून दिला.

परतीच्या गाडीत खिडकीतून ऊन आलं.
माझ्या गालाकडे निरखून म्हणाली,
"तुला पाव पुरणार नाही. तांबडा अर्धा."
नॉरवॉकनंतर तिचा डोळा लागला.
मांडीवर हात, हातावर वयाचे तपकिरी ठिपके,
एकही दुसऱ्याच्या रांगेत नाही.
मी मोजत बसलो.
एक्केचाळीस की बेचाळीस,
तेवढ्यात ब्रिजपोर्ट मागे पडलं.
आम्ही स्ट्रॅटफर्डला उतरलो.