डावी नळी

इंजिन पुन्हा जागेवर बसलं.
एक बोल्ट कमी पडत होता, तो माझ्याच खिशात सापडला.
तेलाचा डबा सकाळपासून शेगडीजवळ ठेवलाय.
बाहेर उणे एकवीस. थंड तेल काकवीसारखं,
हाक मारली तरी उठून येत नाही.

राव्ना म्हणाली, करू चालू?
थांब, म्हटलं. नळ्यांत हवा आहे.

इंजिन उतरवताना नळ्या सुटतात
आणि हवा आत येऊन बसते, न बोलावता,
पंप आणि सिलिंडरच्या मधल्या वितीत.
गाडीला काही कळत नाही.
ती चालू होते, तशीच गुरगुरते, अंगणात दोन फेऱ्याही मारते.
कळतं ते लांब कुठेतरी,
चढावर, मागे भरलेली घसरगाडी असताना.

पंपाच्या बगलेत बारका स्क्रू आहे, चाचपून बघ.
दोन आटे सैल कर. दोनच.
आधी फेस आला. मग थुंकल्यासारखे बुडबुडे.
मग बराच वेळ काहीच नाही,
ती माझ्याकडे बघत राहिली, मी शेगडीकडे.
मग तेल आलं, निळसर, सलग,
तिच्या मनगटावरून बाहीत गेलं.
आवळ, म्हटलं.

आता त्या दोन नळ्या, बोरूएवढ्या बारीक.
टाकीत पन्नासाला एक असं तेल मिसळलेलं पेट्रोल,
तेवढ्या वेळापुरतं. शेडचं दार सताड उघडं.
दोरी तिसऱ्या झटक्याला लागली.
मी पंपाचा खटका अंगठ्याने वर दाबून धरला,
ती कंदील घेऊन गुडघ्यांवर बसली.
डोळ्यांत तेल घालून बघायचं काम आहे हे.
माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू.
ऑपरेशनची तारीख जूनमध्ये आहे,
रेनडिअर तोवर थांबत नाहीत.
पोटुशा माद्या किनाऱ्याची वाट धरून उभ्या आहेत,
पायांखालचा बर्फ रोज थोडा मऊ होतोय.

गेल्या वर्षीही अशीच घाई होती.
खटका धरायला दुसरं कोणी नव्हतं,
म्हणजे होतं, मी हाक मारली नाही.
दोन मिनिटं धरला, पुरे झालं म्हटलं.
चौथ्या दिवशी पिस्टन चिकटला, पठारावर, वारा सुटलेला.
गाडीवर मी नव्हतो. माझा भाऊ आइलू होता.
सतरा किलोमीटर चालत आला तो.
डाव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांनी काढली.
मी म्हणालो, पिस्टनच हलका निघाला.
हल्ली कंपन्या असलाच माल देतात.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
आइलूनेही.

उजवी भरली, राव्ना ओरडली.
आणि डावी?
एक आहे अजून. जवाएवढा.
हलतोय?
नाही. तिथेच बसलाय.
टिचकी मार.
तिने मारली. नखाचा आवाज इंजिनात बुडाला.
धूर शेडभर निळा झाला, कुत्रा शिंकत बाहेर गेला.
माझा अंगठा बधिर होत चालला होता.
चाललाय, ती म्हणाली. वळणापर्यंत गेला.
आता दिसत नाही.

मग तिने कंदील खाली ठेवला
आणि तोंड माझ्या कानाशी आणलं:
मागच्या वेळी डावीच होती ना?

मी काही बोललो नाही.

इंजिन उघडलं तेव्हा डावं सिलिंडर कोरडं ठाक होतं, बाबा.
आइलूकाकाने मला दाखवलं.
म्हणाला, बघून ठेव, आणि झाक.

खटक्यावर माझा अंगठा तसाच होता.
चिंधी शोधत तिने हात पुसले,
एकेक बोट, सावकाश.
सोड आता, म्हणाली,
भरलीय नळी.