बावीस अक्षरं

कौतिकाआत्या ओट्यावर बिडी वळते,
मांडीवर सूप, सुपात तेंदूपान नि जर्दा.
पाठ दुखते तर म्हणते, उसण भरली बा,
रोवणीत वाकलो ना, म्हणून.

रोवणी होऊन चार महिने झाले.

नागपूरच्या स्कॅनमध्ये तिचा कणा
आणि कंबरेच्या तीन मणक्यांवर काळे डाग,
छातीतली गाठ काढून सहा वर्षं उलटल्यावर.

मी लॅबमध्ये नळ्या धुण्यापासून लागलो,
आता त्याच नळ्यांत मायक्रोआरएनए मोजतो.
तिला सांगायचं कसं?
म्हटलं, आत्या, गाठ निघाली
पण तिनं आधीच चिठ्ठ्या धाडल्या होत्या हाडाकडे,
डोळ्याला न दिसणाऱ्या पुड्यांत बांधून,
रक्ताच्या पाटातून.
हाडात दोघं राबतात रात्रंदिवस,
एक खणतो, एक लिंपतो.
चिठ्ठी पोचली की लिंपणारा बसून राहतो
आणि खणणाऱ्याला वाटतं, मालकाचाच हुकूम.
खणल्या हाडातून जो कस सुटतो
त्यावर पोसतात मागून आलेले.

"केवढी रायते चिठ्ठी?"

बावीस अक्षरं. फार तर तेवीस.

तिनं दोरा दातानं तोडला.
"माझा कट्टा पंचवीसचा.
तीन कमी. चेकर छाटीतच टाकन."

मग बराच वेळ नुसती कात्रीची कचकच.

"म्हंजे खेकडाच नं," ती म्हणाली,
"बांधीच्या धुऱ्याले आतून भोक पाडते.
वरून धुरा साबूत,
सकारी पाहा तं पानी खालच्या बांधीत."

कर्क म्हणजे खेकडा, हे मी सांगितलं नव्हतं.

"अन् आडवता येत नाही चिठ्ठ्या?"

काही चिठ्ठ्या थांब म्हणणाऱ्याही असतात.
गाठ आधी त्याच पुसून टाकते.
त्या परत लिहून पाहतोय आम्ही.
उंदरांत.

"चालते का मंग उंदीर?"

काही चालतात.

"काही," ती म्हणाली,
आणि पानाचं तोंड नखानं आत दुमडलं.

संध्याकाळी टोपली मी उचलली,
दरवेळी तिच्या डोक्यावर असते ती.
ती मागून आली, धुऱ्याधुऱ्यानं, थांबत.
चेकरनं अकरा बिड्या छाटल्या.
कंबरेवर हात ठेवून, उभ्यानंच भांडून
तिनं त्यातल्या चार परत घेतल्या.