मार्चपर्यंत

लानेल्लीच्या आमच्या ऑफिसात
हीटर एकाच बाजूने तापतो,
म्हणून अशिलाला मी उबेच्या खुर्चीत बसवते
आणि विचारते: पेन्शन? गाडी? कर्ज?

एलुनेड सांगत जाते, मी रकाने भरते.
घर विकायचं.
इयेस्टिनच्या होडीत भावाचा अर्धा वाटा,
म्हणजे हिला निम्म्याचं निम्मं.
माब्ली, वय नऊ. सोमवार ते गुरुवार आईकडे,
उरलेले वार बापाकडे. नाताळ वर्षाआड.

फ्रिज दोन आहेत, ती म्हणते.
गॅरेजमधला जुना कुणाचा, ते इतक्यात लिहू नका.
त्यात कासव झोपलंय.

मी पेन खाली ठेवते.

पाच अंशांवर, बुटांच्या खोक्यात, मातीत.
हिवाळाभर असंच झोपवतात.
दोन दिवसांआड फ्रिजचं दार उघडावं लागतं,
हवा आत जायला. ते काम इयेस्टिनचं.
घर सोडलं, किल्ली परत दिली,
तरी येतो. स्वतःच्याच दाराची बेल वाजवतो.
उघडतो, थांबतो, बंद करतो, जातो.
चहा मी विचारत नाही.
तो मागतही नाही.

कायद्यात कासव म्हणजे वस्तू, टोस्टरसारखी.
वय बावीस. अजून साठ वर्षं सहज काढील,
आम्हा तिघांना पुरून उरेल, माझ्या फीसकट.

मी लिहिते: जुना फ्रिज
आहे तिथेच. मार्चपर्यंत.

पलीकडच्या वकिलाचं उत्तर शुक्रवारी आलं.
मान्य.
फक्त आमचे अशील विचारतात,
ते जागं होईल त्या दिवशी
माब्ली कुणाकडे असेल?