खर्चाची बाजू

दुधाच्या हिशेबाची वही उलटी धरली
आणि शेवटच्या पानापासनं सुरुवात केली.
भिशीचे साठ, सोसायटीचे चाळीस.
लाख.
लिहिल्यावर एवढासाच दिसला,
खानापूर स्टेशनात दोन मिनिटं थांबणारी
सहा डब्यांची पॅसेंजर.

खाली: गाळ्याचं डिपॉझिट पंचवीस.
कॅमेरा, जुना, अडतीस. लेन्स नऊ.
दोन लाइट साडेअकरा.
प्रिंटर चौदा, कॉम्प्युटर बारा.
बेरीज तीनदा केली,
तिन्ही वेळा साडेनऊ हजारांनी
मी माझ्या ऐपतीच्या बाहेर उभी.

आठ वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत
मी फक्त कडा कापल्या.
एका कागदावर आठ मुंडकी, एक ब्लेड, एक पट्टी.
अर्ध्या तालुक्याच्या माना कुठं संपतात
ते मला पाठ आहे.
कॅमेऱ्याला हात लावायचा तो फक्त पुसायला.

म्हणून आता खोडायलाही ब्लेडच घेतलं.
एक लाइट कापला.
नाकाची सावली पडली तर पडू दे एका बाजूला,
दुसऱ्या बाजूला थर्माकोल उभा करीन,
शेजारच्या फ्रिजवाल्यानं फेकलेला,
कोपऱ्यात थोडा उंदरानं खाल्लेला.

कॅमेरा बघायला बेळगावला गेले.
कॅम्पातल्या मेल्विननं तो टेबलावर ठेवला
आणि स्वतःच सांगितलं, एक लाख बारा हजार वेळा
उघडझाप झाली आहे याची.
किती वरमाला, किती बारशी, मी मोजत बसले नाही,
फक्त कानाशी धरून दाबला.
आवाज कोरडा होता. चांगला होता.
"पस्तीस," मी म्हटलं.
तो खिडकीकडे बघत "बरं" म्हणाला,
खरं पट्टा काढून खिशात घातला.
पट्टा विकायचा नव्हता त्याला.
मी माझ्या ओढणीत गुंडाळून आणला कॅमेरा,
बसमध्ये मांडीवर, एखाद्याचं तान्हं आणावं तसा.

गाळ्याचे मालक इराप्पा तिगडी.
मराठीत घासाघीस केली की कन्नडमध्ये हसतात.
हजार सोडले. बदल्यात
नातीच्या जावळाचे फोटो फुकट.
ते फुकट मी कुठं लिहू,
जमेला की खर्चाला?

उरले अडीचशे.
खडेबाजारात एक कापड मिळालं,
ऐंशी रुपये मीटर, तीन मीटर,
एका अंगाला पांढरं, दुसऱ्या अंगाला निळं.
आमच्याकडे दोन्ही लागतंय.
एक फॉर्म बेंगळूरचा, एक कोल्हापूरचा,
तोंड तेच,
मागचं कापड तेवढं उलटायचं.

पाटीला पैसे उरले नाहीत.
पेंटर अक्षरावर दर लावतो,
वर कन्नड, खाली मराठी,
दोन्हीकडनं माझं नाव महागच पडतं.
राहिलेल्या दहा रुपयांचा कंगवा घेतला.
आरसा घरचा, स्टूल घरचं.
एक पाय डुगडुगतो त्याचा, त्याखाली
घडी करून दुधाचं जुनं पान.

तिसऱ्या दिवशी बाळव्वा आली,
कौलांच्या कारखान्यातनं थेट,
भुवयांत तांबडी माती.
"पाटी नाही, खरं लाइट दिसला," म्हणाली.
तिला पेन्शनच्या फॉर्मला फोटो हवा होता.
कंगवा दिला, पाणी दिलं, पांढरं कापड ओढलं.
"स्वल्प मुख एत्तरी,"
आणि तिनं मान अशी वर केली,
की मी कापायची ती कड
क्षणभर विसरले.

मग पदराची गाठ सोडत तिनं विचारलं,
"फोटो एष्टु री?"

मी वही उघडली.
कॅमेरा होता, लेन्स होती, थर्माकोल फुकट असा होता,
कापड मीटरवर, कंगवा दहाला,
सगळ्याची किंमत होती.
एका फोटोची नव्हती.
माझ्या बोटाची नव्हती.

बाळव्वा उभी, गाठ अर्धी सुटलेली.
बाहेर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता.
"चाळीस," मी म्हटलं, आणि आवाज
मलाच जरा मोठा वाटला.
तिनं घासाघीस केली नाही.
चार नोटा मोजून दिल्या, मऊ, घामेजलेल्या.

ती गेल्यावर कंगव्यातले दोन पांढरे केस
फुंकर मारून काढले,
वही सुलटी केली
आणि पहिल्या पानाची धूळ झटकली.