फक्की

सकाळी सहाला मी फक्की मारतो.
डबा पोटाशी धरून, सुतळीच्या कडेनं, उलटा चालत.
मध्यरेषा, निदानरेषा, बोनस.
चोपड्याची थंडी केळीच्या बागांतून येते
आणि चुन्यासारखीच बोटांना चावते.
एकोणीस वर्षं झाली.
प्राचार्य बदलले चार,
सुतळी तीच. गाठी मारून मारून
आता जरा आखूड पडते.

पोरं फक्की म्हणतात ते दुसऱ्याच गोष्टीला.
मला हे उशिरा कळलं.
जिमखान्यामागं, पाण्याच्या टाकीखाली
खुशाल भोई मान मागं टाकायचा,
कागदाची पुडी तोंडात उलटी करायचा,
आई हिंगाष्टकाची द्यायची तशी.
वर दोन घोट पाणी.
मग चढाईला असा जायचा
की समोरची सात पोरं
दारातल्या चपलांसारखी इकडंतिकडं.

गुडघा नोव्हेंबरातच गेला होता,
सुजून भरताच्या वांग्याएवढा.
"दुखत नही काका," म्हणायचा,
"काहीच दुखत नही."
त्या 'काहीच'ला मी भ्यायला हवं होतं.

सरांना माहीत होतं.
सर कपाटाच्या काचेवर हाऽ करून
ढालीसाठी जागा पुसत होते.
टाकीखालच्या बारक्या बाटल्या, रबरी बुचाच्या,
मी चुन्याच्या रिकाम्या गोणीत भरून टाकून आलो
तर म्हणाले, "मैदान स्वच्छ ठेवता, चांगलं आहे."
मी मान हलवली.
पगार दोन महिने अडकला होता.

जळगावला, उपांत्य फेरीत,
तिसऱ्या चढाईला तो मध्यरेषेवरच थांबला.
दम चालू. कबड्डी कबड्डी कबड्डी.
पाय पुढं नाहीत, मागं नाहीत.
बनियनच्या आत छाती अशी उडत होती
जशी कुणी आतूनच पकड घातलीय
आणि ती सुटेना.
पंचांची शिट्टी झाली.
तो म्हणतच राहिला.
गाडीत घातला तेव्हाही ओठ हलत होते.

सिव्हिलला अकरा दिवस.
सरांनी अर्जात लिहिलं, उष्माघात.
जानेवारीत.
प्राचार्यांनी सही केली, शिपायानं शिक्का मारला,
मी पाकीट नेऊन दिलं.

बाप तापीत जाळं टाकणारा.
वॉर्डाबाहेर उकिडवा बसलेला, हाताला माशाचा वास.
वर न बघता म्हणाला,
"तुम्ही तं तठेच ऱ्हातस ना भाऊ?"
बस, एवढंच.

मी सवयीनं खिशातली डबी काढली,
तंबाखू घेतली, नखाएवढा चुना,
आणि मळता मळता आठवलं.
पहिल्या वर्षाला होता, पहाटे कुडकुडत यायचा.
"जराखी दे ना काका."
दिली होती.
ठसका लागला तेव्हा हसलोही होतो,
पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, आता झाला खेळाडू.
कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.
कुणी विचारलं नाही.

आता येतो कधी कधी.
चालतो नीट. जिना चढताना मध्ये थांबतो,
मोबाईल बघितल्यासारखं करतो.
काल आला. म्हटलं, सुतळी धर.
त्यानं दुसरं टोक धरलं
आणि त्याच्या हाताची थरथर
सुतळीभर चालत माझ्यापर्यंत आली.
"रेघ वाकडी व्हई जाई, काका."
"व्हऊ दे."

पायरीवर नवी पोरं बूट बांधत होती.
त्यातलं एक, मिसरूडही न फुटलेलं,
माझ्या खिशाकडं बघून ओळखीचं हसलं.
खुशालनं ते पाहिलं.
मग माझ्याकडं पाहिलं.

डबी अजून खिशात आहे. खोटं कशाला बोलू.
काल मात्र दोन्ही हात डब्याला होते,
आणि मी उलटा चालत राहिलो
त्याच्या दिशेनं,
चुना सांडत.