शेजारचा खण

रात्रपाळी सुटते पावणेसहाला.
बोटांना सुतळीचा आणि लाखेचा वास.
स्टेशनबाहेर उभ्याउभ्याच पोहे खाते, तर्री नावालाच,
कारण लांजेवार सर म्हणतात,
पोटात आग घेऊन लेनवर येऊ नोको.

शाळेमागचा हॉल, पूर्वीची डंबेल्सची खोली.
पाच लेन. दहा मीटर.
कागद नेणारी मोटार म्हाताऱ्यासारखी कण्हते,
कूलरमधून वाळ्याचा ओला वास,
आणि सात वाजत नाहीत तोच
डोक्यावरचे पत्रे कडकडायला लागतात.

सर चौतीस वर्षं अंबाझरीच्या फॅक्टरीत होते.
तोफगोळे मोजून पेट्यांत भरले,
एकही उडताना पाहिला नाही.
आता साडेचार मिलिमीटरचा छर्रा
बाळाच्या पडलेल्या दातासारखा चिमटीत धरतात.
"काळ्याकडे पाहू नोको वो बाई, काळं रायते तिथंच.
तू माशी पाय.
माशी साफ दिसली का झालं,
बाकीची दुनिया धुकट होते तं होऊ दे."

घरी पिस्तूल नाही. पाण्याची बाटली आहे.
हात लांब करून धरते,
कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर.
फ्रिजशेजारी भिंतीवर टिकलीएवढा काळा ठिपका,
त्याच्यावर रोज शंभर वेळा
काहीच न मारण्याचा सराव.
सासूबाई विचारतात, भिंतीनं काय केलं तुझं?

चापाचं वजन अर्धा किलो.
म्हणजे तूरडाळीची छोटी पुडी
बोटाच्या पहिल्या पेरावर ठेवायची,
आणि ती ठेवतोय हे बोटाला कळू द्यायचं नाही.
एवढंच शिकायला मला दोन वर्षं लागली.
अजून दर चौथ्या गोळीला बोटाला कळतंच.

जिल्हा स्पर्धा. जूनचा पहिला रविवार.
माझी लेन तीन,
चारवर त्रिशला नखाते, वय पंधरा,
केसांना दोन क्लिपा, मागे डबा घेऊन बसलेली आई.
साठ गोळ्या, पाऊण तास आणि वर अर्धा.
चाळीसपर्यंत मी बरी होते: आठ, नऊ, आठ,
एक सात, जो मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

मग वीज गेली.
कूलर थांबला, आणि तो थांबल्यावर कळलं
केवढा बोलत होता तो सगळा वेळ.
पंचांनी वेळ थांबवली. हात खाली.
कानामागून घाम मानेवर उतरला, मी पुसला नाही.
वीज आली, हात वर गेला,
माशी अशी उभी राहिली
जशी दोन वर्षांत कधी उभी राहिली नव्हती.
श्वास अर्धा सोडला, अर्धा विसरले.
गोळी केव्हा सुटली, बोटाला पत्ताच नाही.

मोटार कण्हली. माझा कागद आला,
कोरा.

चारवरची पोरगी हात वर करून उभी.
तिच्या कागदावर दोन भोकं:
एक नऊ,
एक मधोमध, रेषेला न शिवता, दहा.

बावीस वर्षं मी पत्रं
ज्याच्या त्याच्या खणात टाकते.
अर्धवट पत्ते, पुसट पिनकोड,
"मारुतीच्या देवळामागे" एवढंच लिहिलेली पाकिटंसुद्धा.

पंच म्हणाले, कुठली कोणाची सांगता येत नाही,
तेव्हा वरचा गुण चारला.
तीनला शून्य.
सर खुर्चीत मागे टेकले, टोपीनं वारा घेत राहिले.

उरलेल्या गोळ्या मी कशा मारल्या आठवत नाही.
एकूण पाचशे बारा. खालून सहावी.
पाण्याच्या टाकीपाशी त्रिशला आली,
ओंजळ भरलेली, पाणी कोपरावरून गळतंय.
"काकू, माझा नऊच असंल. मले माहीत आहे माझा हात."
मी म्हटलं, पाणी पी आधी.

घरी पोरगं विचारतं, दहा लागला का एकतरी?
लागला.
मग कुठाय?
नंदनवनला गेला, म्हटलं,
नऊ नंबरच्या गल्लीत, नखात्यांकडे.
आणि बाटली भरायला
नळ सोडला.